बोर्ड धरायला तिसरा हात

एका हातात तापलेले सोल्डरिंग आयर्न आणि दुसऱ्या हातात सोल्डरची (वितळवून सांधा जोडायच्या मिश्रधातूची) तार असताना इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड सरकू लागला, की तिसऱ्या हाताची उणीव भासते. नेहमीचा बोर्ड १.६ मिमी जाडीचा असतो, म्हणून मी दोन लाकडी पट्ट्यांना करवतीने सुमारे २ मिमी रुंदीची खाच पाडली आणि त्या पट्ट्या दोन लांब बोल्टांवर ओवून एकीच्या मागे स्प्रिंगा लावल्या; त्यामुळे लहानमोठा बोर्ड त्यांत घट्ट बसतो. आधी ॲल्युमिनियमची पट्टी वापरली होती, पण बोर्डाच्या कडेजवळची उष्णता ती ओढून घेई आणि सोल्डर न पसरता गोळी होऊन बसे. लाकूड फार तर थोडे करपते (तो वास मला आवडतो). बोर्ड उलटा करताना सुटे भाग निसटू नयेत म्हणून त्यांच्याखाली स्पंज दाबून ठेवतो.