तुम्ही विचारलंत म्हणून: आमिषावर मारलेलं अस्वल ही शिकार म्हणायची का?

प्रश्न बहुधा असा येतो: “तिकडे अमेरिकेतल्या मेन राज्यात म्हणे जंगलात पिंप ठेवतात, त्यात शिळे डोनट भरतात, शिकारी झाडावर बसून राहतो आणि अस्वल खायला आलं की गोळी घालतो. वर हेच लोक ‘फेअर चेस’ची, म्हणजे न्याय्य पाठलागाची, भाषा करतात. हे काय गौडबंगाल आहे?” विचारणाऱ्याचा सूर निम्मा रागाचा, निम्मा कुतूहलाचा असतो. रास्तच आहे.

उत्तर आधी देऊन टाकतो, कारणं मागाहून. आमिषावरची शिकार मी चुकीची मानत नाही, पण तिला फेअर चेस म्हणू नये. आणि जिला बेलाशक फेअर चेस म्हणता येतं, त्या शिकारीत अस्वलाच्या बाबतीत एक मोठी खोट आहे. तिच्याबद्दल शिकारी मंडळी फारशी बोलत नाहीत.

फेअर चेसची कल्पना रुजवली अमेरिकेतल्या बून अँड क्रॉकेट या शिकाऱ्यांच्या क्लबनं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ मध्ये तो काढला, तेव्हा बाजारासाठी मारणाऱ्यांनी अमेरिकेतली रानं रिकामी करत आणली होती. क्लबचं म्हणणं थोडक्यात असं: जनावर रानटी आणि मोकळं हवं, पाठलाग कायदेशीर आणि खिलाडूपणाचा हवा, आणि शिकाऱ्याला जनावरावर अवाजवी वरचष्मा मिळता कामा नये. काही गोष्टी यात उघड बसत नाहीत. विमानातून अस्वल हेरायचं आणि जवळच उतरून मारायचं, गाडीनं पिटाळत आणायचं, कुंपणातलं मारायचं, सापळ्यात अडकलेलं किंवा खोल बर्फात रुतलेलं मारायचं. असं जनावर क्लब विक्रमी शिकारींच्या आपल्या नोंदवहीत घेत नाही. अलास्कात तर कायदाच आहे: विमानातून प्रवास केला की दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत मोठ्या जनावराची शिकार करायची नाही. नेहमीच्या प्रवासी विमानसेवेला सूट आहे. रोख आहे तो लहान विमानातून वरून हेरणाऱ्यावर.

रूझवेल्टची गोष्ट सगळ्यांना अर्धीच ठाऊक असते. नोव्हेंबर १९०२, मिसिसिपी राज्यातलं ऑनवर्ड. वाटाड्या होल्ट कोलियर, गुलामगिरीत जन्मलेला आणि अस्वलांच्या शिकारीत त्या मुलखात नाव कमावलेला कृष्णवर्णीय शिकारी. त्याच्या कुत्र्यांनी एक अस्वल घेरलं. कोलियरनं बंदुकीच्या दस्त्यानं त्याला हाणलं, फास टाकला आणि विलोच्या झाडाला बांधून राष्ट्राध्यक्षांची वाट पाहिली. रूझवेल्टनं गोळी घालायला नकार दिला. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं, खेळण्यातल्या अस्वलाला ‘टेडी’ नाव पडलं. राहिलेली अर्धी गोष्ट अशी की ते अस्वल वाचलं नाही. जखमी होतं, म्हणून त्याचा त्रास संपवा असं रूझवेल्टनंच सांगितलं आणि ते सुरीनं मारलं गेलं. १९०७ मध्ये हाच गृहस्थ लुइझियानात कुत्री घेऊन पुन्हा अस्वलामागे गेला आणि त्यानं एक मारलंही. म्हणजे त्याचा आक्षेप कुत्र्यांवर नव्हता. ज्याला पळता येत नाही त्याला मारण्यावर होता.

ही झाली पहिली कसोटी: जनावराला निसटायची खरी संधी होती का? अस्वलाला मात्र दुसरी कसोटीही तितकीच लागू पडते: आपण काय मारतोय हे मारणाऱ्याला नीट कळलं होतं का? सांबर किंवा एल्कसारख्या हरणाचा नर शिंगांवरून लांबूनच ओळखू येतो. काळ्या अस्वलाचे नर-मादी लांबून सारखेच दिसतात, आणि मादी फार सावकाश विते. जून-जुलैत समागम होतो, पण गर्भ नोव्हेंबरच्या सुमारास रुजतो, तोही मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली असेल तरच. जानेवारीत गुहेत पिलं होतात, साधारण पाव ते अर्ध्या किलोची, आणि जवळजवळ दीड वर्ष आईसोबत राहतात. म्हणजे धडधाकट मादीसुद्धा दोन वर्षांतून एकदाच विते. अशी मादी चुकून मारली तर त्या रानाचं किती वर्षांचं नुकसान झालं, याचा हिशेब करून पाहा.

या दोन कसोट्या एकमेकींच्या उलट ओढतात. सगळी गोची इथेच आहे.

मेनचं पिंप जवळून पाहू. ५५ गॅलनचं म्हणजे सुमारे २०० लिटरचं लोखंडी पिंप झाडाला साखळीनं बांधतात आणि पंजा आत जाईल एवढं भोक पाडतात. आत ओट, पॉपकॉर्न, बेकरीतला शिळा माल. वर तळणीचं वापरलेलं तेल ओततात. ते अस्वलाच्या पावलांना लागून वास रानभर पसरतो. हंगाम ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी उघडतो आणि आमिषावर साधारण चार आठवडे चालतो. आमिष मात्र त्याआधी एक महिना घालायला परवानगी आहे. जागा गाडीरस्त्यापासून किमान ५० यार्डांवर हवी, तिथे २ बाय ४ इंचाच्या पट्टीवर नाव-पत्ता लावायचा आणि १० नोव्हेंबरपर्यंत सगळं आवरून जागा स्वच्छ करायची.

ऐकायला हे आयत्या बिळावरच्या नागोबासारखं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक शिकारी रिकाम्या हातानं परततात, कारण अस्वलाचं नाक. ते थेट पिंपाकडे येतच नाही. वाऱ्याच्या खालच्या अंगानं फेरी मारतं, दाट झाडीत बसून राहतं आणि उजेड संपता संपता बाहेर पडतं. आमिष जास्त घातलं तर पोटभर खाऊन जवळच पडून राहतं आणि पुढची खेप रात्री मारतं, जेव्हा गोळी घालणं बेकायदा असतं. ओकची आणि बीचची फळं भरपूर लागलेल्या वर्षी पिंपाकडे ढुंकूनही पाहत नाही.

तरीही याला मी फेअर चेस म्हणत नाही, आणि कारण डोनट नाहीत. कारण ती महिनाभराची सवय आहे. रोज ठरावीक वेळी चारचाकी मोटारसायकल येते, बादल्या रिकाम्या करते, निघून जाते. काही दिवसांत अस्वलाला इंजिनाचा आवाज म्हणजे जेवणाची घंटा होऊन बसते. काही वाटाडे याचाच फायदा घेतात: गिऱ्हाइकाला मचाणावर चढवायचं, बादली ओतायची आणि मुद्दाम आवाज करत निघून जायचं. माणसाच्या चाहुलीनं पळायचं हे रानटी जनावराचं मुख्य शस्त्र, आणि ते आपण आधी काढून घेतलेलं असतं. निसटायची संधी उरते, पण निसटायची इच्छाच आपण बोथट केलेली असते.

दुसऱ्या कसोटीला मात्र हीच पद्धत सर्वांत चांगली उतरते. अस्वल १५-२० यार्डांवर, स्थिर, कधीकधी दहा-दहा मिनिटं समोर. पिंप म्हणजे आयती मोजपट्टी: ते ३५ इंच उंच असतं, आणि चार पायांवर उभ्या अस्वलाची पाठ त्याच्या तोंडाच्या आसपास पोचत असेल तर तो दांडगा नर. कान डोक्यावर मोठे आणि जवळजवळ दिसत असतील तर जनावर लहान. कान छोटे वाटून डोक्याच्या दोन बाजूंना गेलेले असतील तर वयस्क. मुतताना धार मागे गेली तर मादी, पोटाखाली पडली तर नर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एकटी दिसणारी मादी एकटी असतेच असं नाही. पिलांना झाडावर चढवून ती पुढे येते. म्हणून थांबायचं, आजूबाजूच्या खोडांवर नजर ठेवायची, नखांची खरखर ऐकायची. ज्याला हे थांबणं जमत नाही त्यानं मचाणावर चढूच नये. वसंतातल्या शिकारीवर माझा आक्षेप यामुळेच आहे. शरदात अनाथ झालेली आठ महिन्यांची पिलं बरीच तगतात, मे महिन्यातली तगत नाहीत.

आता ती ‘शुद्ध’ शिकार पाहा: डोंगरावर दुर्बीण लावून अस्वल शोधायचं आणि वारा सांभाळत चालत जवळ जायचं. मोंटाना, आयडाहो, अलास्काच्या उघड्या उतारांवर हे उत्तम चालतं. जनावर पूर्ण रानटी, संधी पुरेपूर. पण २५० यार्डांवरून झुडपात चरणारं अस्वल नर की मादी, पिलं मागच्या ओढ्यात आहेत का, हे ठामपणे सांगणारा माणूस दुर्मीळ. सूर्य उतरत असतो, अर्धा दिवस चालण्यात गेलेला असतो, आणि ‘नरच दिसतोय’ असं मन स्वतःला पटवून देतं. फेअर चेसच्या व्याख्येत या चुकीला जागाच नाही. जनावराला संधी दिली की झालं, असं ती मानते. मेनमध्ये तर हा मार्ग जवळजवळ बंदच आहे. राज्याची सुमारे नऊ दशांश जमीन जंगलाखाली, आणि ऑगस्टमध्ये पानांच्या भिंतीमुळे २० यार्डांपलीकडचं दिसत नाही.

कुत्र्यांची शिकार या दोहोंच्या मध्ये येते. झाडावर चढलेलं अस्वल खालून नीट निरखता येतं, मादी असेल तर कुत्री बांधून परत फिरता येतं, आणि चांगले कुत्रेवाले तसं करतातही. जुन्या काळी भुंकण्याच्या आवाजामागे पायी धावावं लागे. आता गळ्यात जीपीएस पट्टा असतो, आणि माणूस गाडीत बसून पडद्यावर पाठलाग पाहतो, मग जवळच्या रस्त्यानं वळसा घालून पोचतो. मेनमध्ये एका वेळी सहापेक्षा जास्त कुत्री चालत नाहीत, ते बरं आहे. अंगावर थंडीची चरबी चढलेलं अस्वल सप्टेंबरच्या उन्हात तासभर पळालं की तापतं, आणि दमलेल्या कुत्र्यांच्या जागी ताजी सोडत राहिलं तर तो पाठलाग नव्हे, दमवून मारणं आहे. पट्टा कुत्रं हरवू नये म्हणून असेल तर ठीक. धावायचं टाळण्यासाठी असेल तर माझ्या लेखी वरचष्मा अवाजवी. फासाच्या सापळ्याचं तर विचारूच नका. मेन तो अजून चालवून घेतं, पण रूझवेल्टच्या विलोच्या झाडात आणि त्यात मला फरक दिसत नाही.

मतपेटीनंही यावर निकाल दिलेत, आणि तेही एका दिशेचे नाहीत. कोलोरॅडोनं १९९२ मध्ये आमिष, कुत्री आणि वसंतातली शिकार बंद केली. ओरेगननं १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टननं १९९६ मध्ये आमिष आणि कुत्री. मेनमध्ये २००४ आणि २०१४ असं दोनदा मतदान झालं, दोन्ही वेळा सुमारे ५३ टक्क्यांनी बंदी फेटाळली. बंदीनंतर ओरेगन आणि वॉशिंग्टननं परवाने स्वस्त केले, हंगाम वाढवले. अस्वलं मारली जायची थांबली नाहीत, फक्त ती मारणारा माणूस आणि अंतर बदललं.

काही जण म्हणतात, आपल्याकडची शिकार तरी मर्दानी होती. कसली मर्दानी? संस्थानिकांच्या काळी शेकडो माणसं लावून रान उठवायचे आणि साहेब मचाणावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो विषय मिटला. मेळघाट किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगेतलं अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तिथला प्रश्न फेअर चेसचा नाही, पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसाचा आहे.

तरीही मेनला जायचंच असं कुणी ठरवलं असेल, तर पैसे भरण्याआधी वाटाड्याला काही गोष्टी विचाराव्यात. मचाण किती उंच? १२ ते १४ फूट पुरे. २० फुटांवरून जवळच्या अस्वलावर बाण मारला तर तो इतका तिरका जातो की एकच फुप्फुस फुटतं आणि खाली भोक पडत नाही. मग चरबी जखम बुजवते, लांब केस रक्त शोषून घेतात, जमिनीवर थेंब सापडत नाही आणि जनावर दूर कुठेतरी झुरत मरतं. जवळचा पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबायला तो गिऱ्हाइकाला सांगतो का? जखमी अस्वल शोधणारं, दोरीवरचं कुत्रं हाताशी आहे का? पिंपात चॉकलेट तर घालत नाही ना? २०१४ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्ये एकाच आमिषाच्या जागी चार अस्वलं चॉकलेटमधल्या थिओब्रोमिननं मेली, त्यातली दोन पिलं होती. त्यानंतर राज्यानं आमिषात चॉकलेट घालणं बंद केलं. आणि मांसाचं काय करतो? ऑगस्टच्या उकाड्यात केस आणि चरबीखाली मांस काही तासांत नासतं, म्हणून कातडं लगेच उतरवून मांड्या हाडापर्यंत चिरायच्या आणि बर्फात घालायच्या. शिजवताना आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस. अस्वलाच्या मांसातला ट्रिकिनेला जंत गोठवून मरेलच याची खात्री नसते. यातल्या मांसाच्या प्रश्नावर जो वाटाडा खांदे उडवतो आणि थेट कातड्याच्या नि कवटीच्या किमतीवर येतो, त्याच्याकडे जाऊ नका.