नारळ कोणी फोडला, मत कोणाला गेलं

भागात कारखाना आणला की लीड मिळते, हा आपल्याकडच्या पुढाऱ्यांचा जुना हिशेब. अमेरिकेत बायडन सरकारने तोच हिशेब सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांवर मांडला. जॉर्जिया राज्यात तो चुकला, आणि कसा चुकला ते बारकाईने बघण्यासारखं आहे.

16 ऑगस्ट 2022 रोजी इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टवर, म्हणजे या सवलती देणाऱ्या कायद्यावर, बायडन यांची सही झाली. संसदेत एकाही रिपब्लिकन सदस्याने या कायद्याला मत दिलं नव्हतं. कारखानदाराला सवलत मोजून मिळणार होती: देशात बनलेल्या सौर मॉड्यूलला (म्हणजे तयार पॅनेलला) वॅटमागे 7 सेंट, त्यातल्या सेलला 4 सेंट, बॅटरी सेलला किलोवॅट-तासामागे 35 डॉलर. 400 वॅटच्या एका पॅनेलवर 28 डॉलर, सेलही तिथलाच असेल तर आणखी 16. कारखाने धडाधड जाहीर झाले, आणि त्यातले बरेचसे रिपब्लिकन भागांत. जमीन स्वस्त, युनियन कमजोर, राज्य सरकार सवलती घेऊन दारात उभं. उद्योग तिकडेच जाणार.

आता श्रेयाचा गुंता बघा. जॉर्जियातल्या डाल्टनचा क्यूसेल्स कंपनीचा पॅनेल कारखाना 2019 मध्येच सुरू झाला होता, ट्रम्प यांच्या काळात, आयात पॅनेलवर त्यांनी 2018 मध्ये लावलेल्या शुल्कानंतर. जानेवारी 2023 मध्ये डाल्टन आणि जॉर्जियातलंच कार्टर्सव्हिल मिळून अडीच अब्ज डॉलर आणि 2,500 नोकऱ्यांचा विस्तार जाहीर झाला, तो मात्र नव्या कायद्यामुळे. सव्हानाजवळच्या ब्रायन काउंटीतला ह्युंदाईचा इलेक्ट्रिक गाड्यांचा प्रकल्प (8,100 नोकऱ्यांचं आश्वासन) मे 2022 मध्ये जाहीर झाला, म्हणजे कायद्याच्या तीन महिने आधी. व्यासपीठावर होते रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प. नारळ त्यांनी फोडला, श्रेयही त्यांचं. केंद्राची सवलत कंपनीच्या करविवरणात दिसते, कामगाराच्या पगारपत्रकात नाही.

त्यात वेळापत्रकही आडवं आलं. ह्युंदाईच्या प्रकल्पातून गाड्या बाहेर पडू लागल्या ऑक्टोबर 2024 मध्ये, अध्यक्षपदाचं मतदान नोव्हेंबरमध्ये. पण पूर्ण भरती झाली असती तरी काय? दोन्ही प्रकल्पांच्या मिळून 10,600 नोकऱ्या धरा, प्रत्येक घरात दोन मतं धरा, आणि ती सगळीच्या सगळी ट्रम्प यांच्याकडून कमला हॅरिस यांच्याकडे वळली असं समजा. 21,200 मतं फिरली की फरक 42,400 ने बदलतो. ट्रम्प यांनी जॉर्जिया जिंकलं साधारण 1,15,000 मतांनी. आणि घरटी दोन्ही मतं फिरणं हे तर स्वप्नच.

मतदारांपेक्षा या पैशाचा परिणाम लोकप्रतिनिधींवर जास्त दिसतो, पण तोही अर्धाच. ऑगस्ट 2024 मध्ये 18 रिपब्लिकन प्रतिनिधींनी सभापतींना पत्र लिहून या सवलती सरसकट रद्द करू नका म्हटलं. ह्युंदाईचा प्रकल्प ज्यांच्या मतदारसंघात आहे ते बडी कार्टर त्यात होते. जुलै 2025 मध्ये या सवलतींना कात्री लावणारं ट्रम्प यांचं मोठं करविधेयक आलं तेव्हा कार्टर यांनी त्याच्या बाजूनेच मत दिलं. इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याची 7,500 डॉलरची सवलत 30 सप्टेंबर 2025 ला संपली. पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यांची सवलत मात्र बरीचशी शाबूत राहिली. कारखान्याला वाली होता, ग्राहकाला नव्हता, असं माझं वाचन.

आणि मग नोव्हेंबर 2025. जॉर्जियात वीजदर ठरवणाऱ्या पब्लिक सर्व्हिस कमिशनचे सदस्य थेट लोकांतून निवडून येतात (आपल्या वीज नियामक आयोगाचं असं झालं तर काय गंमत येईल!). दोन जागांवर निवडणूक झाली आणि दोन्ही डेमोक्रॅट उमेदवारांनी 60 टक्क्यांहून जास्त मतं घेऊन जिंकल्या. प्रचाराचा मुख्य मुद्दा, वाढलेलं वीजबिल. मतदान कमी होतं आणि शहरांच्या स्थानिक निवडणुका त्याच दिवशी होत्या, त्यामुळे यावर इमले बांधू नयेत. पण बिल दर महिन्याला घरी येतं आणि त्यावर रक्कम छापलेली असते, हा फरक मोठा आहे.

दोन परदेशी अभ्यास इथे उपयोगी पडतात. कॅनडातल्या ऑन्टारिओत गावांचा परवानगीचा अधिकार काढून घेऊन पवनचक्क्या लावल्या. तीन किलोमीटरच्या आत चक्की आलेल्या भागांत सत्ताधारी लिबरल पक्षाची 4 ते 10 टक्के मतं घटल्याचं संशोधक लेआ स्टोक्स यांनी दाखवलं. स्पेनमध्ये उलटं घडलं. ऑक्टोबर 2018 मध्ये कोळसा खाणी बंद करण्याआधी सरकारने कामगार संघटनांशी लेखी करार केला, 48 वर्षांपुढच्यांना मुदतपूर्व निवृत्ती दिली. 2019 मध्ये खाणींच्या गावांत सत्ताधारी समाजवाद्यांची मतं इतर गावांच्या तुलनेत सुमारे 1.8 टक्क्यांनी वाढली.

वीज प्रकल्पांनी मतं फिरतात का, हेच महाराष्ट्रात तपासायचं तर निवडणूक आयोगाचा फॉर्म 20 घ्यावा. त्यात बूथनिहाय मतं असतात. 2019 आणि 2024 च्या विधानसभा निवडणुकांचे बूथ क्रमांक जुळत नाहीत, म्हणून क्रमांकावर न जाता केंद्राच्या यादीतलं गाव आणि शाळेचं नाव बघून जोड्या लावाव्या लागतात. मग सौर कृषी वाहिनीतून, म्हणजे शेतीपंपांना सौर प्रकल्पातून वीज देणाऱ्या योजनेतून, मतदानाआधी दिवसा वीज मिळू लागलेली गावं एका बाजूला आणि प्रकल्प मंजूर होऊनही काम न झालेली दुसऱ्या बाजूला. मंजूरच न झालेल्या गावांशी तुलना करू नये. तिथे जमीन, पाणी, पुढारी सगळंच वेगळं असतं. दोन ठिकाणी हात टेकतात. पहिलं म्हणजे 2024 च्या जुलैत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज आणि लाडकी बहीण दोन्ही एकदमच आल्या. त्या सगळीकडे सारख्या लागू असल्याने वरच्या तुलनेत बऱ्याच अंशी वजा होतात, पूर्ण नाही. दुसरं जास्त त्रासदायक: एका शेती फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवर) चार-पाच गावांची शिवारं असतात आणि बूथ गावठाणात. ज्याचा पंप या फीडरवर, त्याचं मत भलत्याच गावात. उपकेंद्रातून फीडरवरच्या ट्रान्सफॉर्मरची गावनिहाय यादी मिळाल्याशिवाय हे जुळत नाही.