विहिरीतून वेताळ कसा निघाला?

चिरंजीव 14 वर्षांचे आहेत. त्यामुळे सुपानोव्हाला त्यांना एकटंच जायचं होतं, तिकिटाचे पैसे तेवढे माझे हवे होते. शेवटी तह असा झाला की मी सोबत यायचं, पण गेटच्या आत शिरल्यावर ओळख दाखवायची नाही.

सुपानोव्हा म्हणजे कॉमिक्स, ॲनिमे, गेम्स आणि सिनेमातल्या पात्रांची इथली जत्रा. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहरांतून ती फिरते, मेलबर्नची पाळी एप्रिलमध्ये येते. 57 नंबरची ट्रॅम शोग्राउंड्सपाशी पोचेपर्यंत डबा पंखवाल्या, शिंगवाल्या आणि तलवारवाल्या माणसांनी गच्च भरला होता. एका बाईंनी आपली पुठ्ठ्याची भलीमोठी कुऱ्हाड कुणाला लागू नये म्हणून तान्ह्या मुलासारखी छातीशी धरली होती. खंडोबाच्या यात्रेला निघालेल्या एसटीत असतो तसाच एकूण माहोल. फक्त पायावर पाय पडला की इथे सॉरी ऐकू येतं.

आत शिरताच चिरंजीव अंतर्धान पावले. मी चहा शोधत निघाले आणि हॉलच्या मागच्या बाजूला, जुनी कॉमिक्स विकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन पोचले. टेबलांवर पांढरी, लांबलचक पुठ्ठ्याची खोकी. प्रत्येक अंक पारदर्शक पिशवीत, पाठीला ताठ पुठ्ठा. लोक उभ्याउभ्या दोन बोटांनी अंक पुढे ढकलत चाललेले असतात, मंडईत मेथीच्या जुड्या चाळाव्यात तसे. आणि एका टेबलामागे पडद्यावर हा एवढा मोठा जांभळा माणूस. डोळ्यांवर काळा मुखवटा, पट्ट्यावर कवटी.

“वेताळ!” मी बहुतेक मोठ्याने म्हणाले. कारण टेबलामागचे आजोबा खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “काय म्हणालात? पुन्हा म्हणा बरं.”

इथे थोडं मागे जायला हवं. आमचं घर सांगलीत, गावभागात. दोन गल्ल्या सोडून एका घराच्या ओसरीवर भाड्याची लायब्ररी चालायची. चार आण्यात एक दिवस एक पुस्तक. तिथे दादाने आणि मी इंद्रजाल कॉमिक्सचा फडशा पाडला. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 साली ते सुरू केलं आणि 1990 साली बंद केलं, म्हणजे आमची पिढी त्याच्या उतरत्या काळातली. जादूगार मँड्रेक होता, बहादूर होता, पण खरा मान वेताळाचा, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचा. जंगलात राहणारा मुखवटेवाला नायक, बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो म्हणून लोकांना वाटतं याला मरणच नाही. त्याचा ठोसा बसला की अंगठीवरची कवटी गुंडाच्या जबड्यावर उमटते. शिसपेन्सिलीने बोटावर कवटी काढून दादाने माझ्या हनुवटीवर किती ठसे उठवले असतील त्याला गणती नाही. स्वतःच्या मालकीचे तीसेक अंक आमच्याकडे जमले होते. 1987 मध्ये बाबांची बदली झाली, सामानाची बांधाबांध करताना आईने ते रद्दीत घातले. तिला दोष देत नाही. ट्रकचं भाडं वजनावर ठरलं होतं. दादा मात्र अजून देतो.

तर माझी अशी समजूत होती की वेताळ आमच्याबरोबरच म्हातारा होऊन कुठेतरी मेला असेल. आजोबांनी ती 10 मिनिटांत दूर केली. ते निवृत्त पोस्टमन आहेत, वय 78. अमेरिकेत ली फॉकने 17 फेब्रुवारी 1936 ला वेताळाची चित्रपट्टी सुरू केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती ऑस्ट्रेलियातल्या एका बायकांच्या साप्ताहिकात येऊ लागली. हो, बायकांच्या! पाककृती आणि विणकामाच्या नमुन्यांशेजारी मुखवटा घातलेला वेताळ. मग महायुद्ध आलं. परकीय चलन वाचवायचं म्हणून सरकारने अमेरिकन मासिकांची आयात रोखली, ती बंदी 1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. बाहेरची कॉमिक्स येईनात, म्हणून स्थानिक प्रकाशकांनी हक्क घेऊन इथेच छापायला सुरुवात केली. सिडनीच्या फ्रू पब्लिकेशन्सने 1948 मध्ये वेताळाचा पहिला अंक काढला, ती मालिका आजतागायत चालू आहे. अंक 1900 च्या पुढे गेलेत. मुखपृष्ठ रंगीत आणि आतली पानं बहुतांशी काळी-पांढरी, अशी त्यांची जुनी रीत. स्वीडनमध्येही 1950 पासून त्याचं नियतकालिक आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखात तर लढाईच्या ढालींवर वेताळ रंगवायचे, कारण ज्याला मरण नाही तो ढालीवर असलेला बरा. अशा ढाली आता संग्रहालयांत आहेत. आजोबांनी एकीचा फोटो पाकिटात ठेवलाय, नातवंडांच्या फोटोमागे.

पोस्टमन असताना सायकलवर ते गल्लीतल्या कुणाला कुठलं मासिक येतं हे बघून ठेवत आणि वेताळवाला घरमालक दिसला की फाटकाशी गप्पा मारत. डाक उशिरा पोचायची, असं स्वतःच हसत सांगतात.

मी इंद्रजालचं नाव काढलं तेव्हा त्यांनी टेबलाखालून एक वेगळं खोकं काढलं. वर मार्करने लिहिलेलं: इंडिया. इथल्या वेताळवेड्यांना आपल्या अंकांचं भारी अप्रूप आहे, मुख्यतः बी. गोविंद यांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांमुळे. आजोबांकडे 40 अंक होते. काही इंग्रजी, काही बंगाली, आणि 13 अंकांच्या गठ्ठ्यावर चिठ्ठी, “हिंदी”.

मी पहिलाच उचलला. पिशवीतून काढायची परवानगी त्यांनी मान हलवून दिली. वरची टाचणी गंजलेली, तिच्याभोवती कागदावर तपकिरी डाग पसरलेला. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात वेताळ. आत पहिल्या पानावर जांभळ्या शाईचा शिक्का, अर्धा पुसट: “पान फाडल्यास पूर्ण किंमत वसूल केली जाईल”. आमच्या लायब्ररीचा नव्हे हो, सोलापूरच्या कुठल्याशा वाचनालयाचा. पण माझे डोळे भरून आले, आता हसा.

“हे हिंदी नाही,” मी म्हटलं. “मराठी आहे. माझी भाषा.”

आजोबा चपापले. 20 वर्षं त्यांनी तो अंक चुकीच्या गठ्ठ्यात ठेवला होता आणि संग्राहकासाठी ही गोष्ट जवळपास पापासारखी असते. ओळखायचं कसं, त्यांनी विचारलं. लिपी तर एकच. मी विचार केला आणि बोट ठेवलं: ळ. हिंदी अंकावर वेताल असतं, मराठीवर वेताळ. हे अक्षर दिसलं की आपलं समजायचं. आजोबांनी खिशातून वही काढली आणि ळ गिरवला. पहिला आडवा पडला. दुसऱ्याला शेपूट जास्त झालं. पाचव्या खेपेला बालवाडीत शोभेल असा जमला. मग आम्ही दोघांनी गठ्ठा तपासला आणि 13 पैकी 4 मराठी निघाले. गिऱ्हाइकं ताटकळत होती, आजोबांना पर्वा नव्हती. “चार!” ते शेजारच्या टेबलावर ओरडून सांगत होते, जणू मीच ते चार त्यांना नजर केले होते.

शिक्क्यावर काय लिहिलंय तेही मी भाषांतर करून दिलं. त्यांना वाटायचं ते प्रकाशकाचं नाव आहे.

याच भरात मी तो प्रश्न विचारून बसले. दादा आणि मी तो 40 वर्षं वागवतोय. गोष्टीचं नाव आठवत नाही. वेताळ एका विहिरीत पडतो. गुळगुळीत भिंती, दोर नाही, वरून गुंड पाणी सोडतात. पानाच्या शेवटच्या चौकटीत पाणी हनुवटीपर्यंत आलेलं. पान उलटलं की वेताळ वर उभा आणि गुंडाच्या जबड्यावर कवटी! कसा निघाला? आम्ही पहिल्यांदा लायब्ररीवाल्या काकांशी भांडलो की पान फाटलंय. पानं मोजली, बरोबर होती. मग दादाचा सिद्धान्त असा की तळाला भुयार असणार. माझा असा की पाणी चढलं तसा तोही तरंगत वर आला. यावर दादा विचारायचा, मग कपडे कोरडे कसे? आणि मी गप्प बसायचे.

आजोबा हसले. “पान फाटलं नव्हतं. कापलं होतं.” झालं असं की मूळ गोष्टी वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटी याप्रमाणे महिनोन् महिने चालायच्या. इंद्रजालला त्या ठरावीक पानांत बसवायच्या, म्हणून मधल्या चौकटी गाळायचे. नावंही बदलायचे. वेताळ राहतो त्या काल्पनिक देशाचं मूळ नाव बंगाला, त्याचं आपल्याकडे डेंकाली झालं, आणि सिंग चाच्यांची टोळी सिंगा झाली (का, ते सांगायला नको). इथल्या फ्रूनेही सुरुवातीला अशीच काटछाट केलेली. पुढे जिम शेफर्ड नावाचे क्रीडा पत्रकार त्याचे प्रकाशक झाले, त्यांनी हुडकून हुडकून गोष्टी पूर्ण स्वरूपात छापल्या. 2013 साली ते वारले. त्यांचं नाव इथे जुनी माणसं गुरुजींचं घ्यावं तसं घेतात.

“पण ही गोष्ट कुठली?” आजोबा स्वतःशीच म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या बाई आल्या. पाठोपाठ जांभळ्या पोशाखातले एक पोटाळ गृहस्थ, बोटात कवटीची खरीखुरी अंगठी. विहीर गोल होती का चौकोनी? गुंडांच्या डोक्यावर टोप्या? लग्नाआधीची की नंतरची? (वेताळाचं आणि त्याच्या प्रेयसीचं, डायनाचं, लग्न 1977 साली झालं, ही तारीख त्यांना स्वतःच्या लग्नाहून जास्त पाठ.) बाई म्हणाल्या 1950 च्या दशकातली. पोटाळ गृहस्थ म्हणाले शक्यच नाही, चित्रकार बदलल्यानंतरची. अर्धा तास. तिघांची मिळून 200 वर्षं वय असेल आणि भांडत होते आमच्या ओसरीवरच्या पोरांसारखे. त्यातल्या एकालाही त्यातून दमडी मिळणार नव्हती.

सगळेच असे नसतात, हेही लिहायला हवं. दोन टेबलं पलीकडे एका विक्रेत्याने माझ्या हातातला अंक अक्षरशः काढून घेतला. आणि एका भिंतीवर सगळे अंक जाड प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात कायमचे बंद केलेले होते. अमेरिकेत 2000 साली एका कंपनीने ही पद्धत सुरू केली: अंक तपासायचा, 10 पैकी गुण द्यायचे आणि सील करायचा. किंमत वाढते म्हणे. वाढत असेल. पण कैरीचं लोणचं विकत घेऊन बरणीचं झाकण आयुष्यात उघडायचं नाही, याला माझ्या लेखी भूक म्हणत नाहीत. आजोबांचा नियम उलटा. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी नाण्यांची पर्स घेऊन आली, पैसे कमी पडत होते. त्यांनी अंक पिशवीतून काढून तिच्या हातात दिला, पिशवी स्वतःकडे ठेवली. “पिशवीचे पैसे आहेत, अंक फुकट. पुढच्या वर्षी येऊन गोष्ट सांगायची.”

दुपारी चिरंजीव भुकेने व्याकूळ होऊन मला शोधत आले. आई तीन अनोळखी म्हाताऱ्यांच्या घोळक्यात विहिरीचा आकार हातवारे करून दाखवतेय, हे बघून त्यांनी तह किती योग्य होता ते डोळ्यांनी सांगितलं. आजोबांनी त्याला मराठी अंक वाचायला लावला. त्याने अडखळत संवादाचा एक फुगा वाचला: “थां… बा!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगं कानापर्यंत लाल.

तीन आठवड्यांनी आमच्या पत्रपेटीत जाड लिफाफा आला. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये फ्रूचा एक जुना अंक, सोबत चिठ्ठी. बाईंचं बरोबर होतं, 1950 चं दशक. पोटाळ गृहस्थांनी हार मान्य केली आहे आणि अंक त्यांच्याच संग्रहातला आहे, त्यांच्याकडे दोन होते. पैसे पाठवू नयेत. चिठ्ठीच्या खाली सहीच्या जागी एक मोठा ळ.

अंक कुठला ते इथे सांगत नाही, हुडकायची मजा तुम्हीही घ्या. पण गाळलेल्या सहा चौकटी त्यात होत्या. पाणी चढतं, वेताळ तरंगत वर येतो, काठ धरतो, बाहेर पडतो. म्हणजे मी म्हणत होते तेच!

फोटो काढून सांगलीला पाठवले. दादाने तोवर इकडचं ऐकून कामच काढलं होतं. एका शाळासोबत्याच्या माळ्यावरून दोन मराठी अंक मिळवले, पैसे देऊ केले तर मित्र रागावला म्हणे. ते दोन्ही भाच्याच्या बॅगेतून, साड्यांच्या घडीत, आजोबांसाठी येताहेत. पण फोटो बघून त्याचा फोन आला तो वेगळ्याच सुरात.

“बघितलं.”

“मग? तरंगतच आला की नाही?”

“आला. आणि कपडे कोरडे कसे? सहाव्या चौकटीत बघ. एक थेंब गळत नाहीये. विचार तुझ्या पोस्टमनला.”

विचारलं. रविवारपासून ते तिघं त्याच्यामागे लागलेत.