आजीची धापेवाड्याची वारी

आषाढी एकादशीला पंढरपुरात असलेला विठोबा पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला धापेवाड्याला मुक्कामी येतो, अशी आमच्या नागपूर भागात पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. कळमेश्वर तालुक्यातल्या या गावाला विदर्भाची पंढरी म्हणतात, आणि तिथल्या नदीचे नावही चंद्रभागाच आहे. नव्वदी ओलांडलेल्या माझ्या आजीने आयुष्यभर हीच एक वारी केली. ती गेल्यानंतरच्या पहिल्या आषाढात मी तिचे टाळ गळ्यात अडकवले आणि पौर्णिमेच्या पहाटे नागपूरच्या महाल भागातून दिंडीबरोबर निघाले.

त्या टाळांना तिने स्वतःच्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून, त्याला पीळ देऊन ओवले होते. जिथे तिचा अंगठा रुतत असे तिथला रंग उडून सूत पांढरे पडले होते. फेटरी गाव येईपर्यंत माझाही अंगठा नेमका तिथेच येऊन बसला होता. पुढे दोन्ही बाजूंना वावरे मोकळी झाली. कपाशी वीतभर वर आली होती, धुऱ्याकडेने बायका निंदत होत्या आणि संत्र्याच्या झाडांवर पानांत लपलेली हिरवी फळे दिसत होती.

नागपूर मध्य प्रांताची राजधानी होते, तेव्हा आजी लग्न होऊन या शहरात आली. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या त्या मिलच्या भोंग्यावर आमच्या घरातली चूल पेटत असे. पाळी बदलली की डब्याची वेळ बदले, आणि डब्याबरोबर आजीची झोपही बदले. पाच मुले, दोन दीर, अंथरुणाला खिळलेले सासरे, असा तो संसार होता. महिनाभर पायी पंढरपूरला जाण्याचा विचारही तिच्या वाट्याला आला नसावा. पुढे सवड मिळाली तेव्हा मी तिच्यासाठी पंढरपूरच्या गाडीचे आरक्षण केले, तर तिने ते रद्द करायला लावले. धापेवाड्याचे संत कोलबास्वामी यांना म्हातारपणी पंढरीची वाट झेपेना, तेव्हा देवच धापेवाड्याला आला, असे आपल्याकडे सांगतात. तोच दाखला देऊन ती म्हणाली, "मी काहून जाऊ इतक्या लांब? तोच येते ना इकडं." मला ते मुळीच पटले नव्हते. आपण तिला पंढरी दाखवू शकलो नाही, हे शल्य मी कित्येक वर्षे बाळगून होते.

कळमेश्वरच्या अलीकडे आडवाटेला तिचे माहेर आहे. संध्याकाळी दिंडी विसाव्याला थांबली तेव्हा मी त्या घरी गेले. आजीची चुलत भावजय ओट्यावर बसली होती. तिने माझ्या आधी टाळ ओळखले. पाय धुवायला गरम पाणी, मग भाकर आणि झुणका असे सगळे झाल्यावर ती सांगू लागली, "तुही आजी वर्साची येकच रात यायची इथं. पर निजाची नाही. मायसंग ह्याच ओट्यावर उजाडेपर्यंत बोलत बसे. माहेरी जातो म्हटलं का सासू नाही म्हने, पर वारीले कोन नाही म्हनन?"

सुमारे ३५ किलोमीटरच्या वाटेसाठी आजीला दोन दिवस कसे लागतात, हे आमच्या घरात कधी कोणी विचारले नव्हते. लेकरू कडेवर असतानाही तिने ही वारी चुकवली नाही, आणि तिची आई गेल्यानंतरही ती त्या ओट्यावर थांबतच राहिली, हे मला त्या रात्री कळले. विठ्ठलावरची तिची भक्ती खरीच होती. दोन्ही ओढी एकाच वाटेवर होत्या, एवढेच. पंढरपूरच्या गाडीला मात्र हा ओटा लागला नसता.

प्रतिपदेला धापेवाड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चंद्रभागेचे पाणी पावसाने गढूळ झाले होते. त्यात पाय बुडवून मी रांगेत उभी राहिले आणि दर्शनाच्या वेळी आजीचे टाळ क्षणभर उंबऱ्याला लावले. दुपारी दिंडीतली मंडळी नागपूरच्या गाडीत बसली. मी कळमेश्वरच्या अलीकडे उतरले, ओट्यावर टाळ ठेवले आणि घरी फोन करून सांगितले, की आज रात्री मी येत नाही.