वेळा 401, चिठ्ठ्या 397

सकाळी 8 वाजून 35 मिनिटांनी शर्यतीच्या निकालाच्या टेबलावर दोन आकडे होते. स्टॉपवॉचच्या छापील पट्टीवर शेवटची रेषा ओलांडल्याच्या 401 वेळा आणि तारेत ओवलेल्या चिठ्ठ्या 397. माइकवरचा माणूस दर दोन मिनिटांनी विचारत होता, बक्षिसं सुरू करायची का? टेबलाचा प्रमुख मीच, त्यामुळे उत्तरही मलाच द्यायचं होतं.

शर्यत अगदी साधी होती. पाच किलोमीटर, धावणारे आणि चालणारे एकाच रस्त्यावर. धावणारे 7 वाजता सुटले, चालणारे 7:10 ला. घड्याळ एकच, चालणाऱ्यांच्या वेळेतून नंतर दहा मिनिटं वजा करायची. धावणाऱ्यांचे बिब, म्हणजे छातीवर लावायचे नंबराचे कागद, 1 ते 244, चालणाऱ्यांचे 501 ते 668, म्हणजे वाटलेले बिब 412. सुरुवातीच्या कमानीत क्लिकर घेऊन उभ्या असलेल्या दोघांनी मोजलेली माणसं 403.

बिबवर वेळ आपोआप नोंदवणारी चिप नव्हती. आमच्या पद्धतीत काम दोन हातांत विभागलेलं असतं. रेषेवरचा माणूस फक्त बटण दाबतो, कोण आलं ते बघतही नाही. त्याच्याकडे तयार होतात फक्त वेळा. रेषेपलीकडे दोऱ्या लावून केलेला चिंचोळा बोळ असतो, त्याला आम्ही फनेल म्हणतो. त्याच्या टोकाला दुसरा माणूस प्रत्येक बिबच्या खालची चिठ्ठी फाडतो आणि आलेल्या क्रमानेच तारेत ओवतो. त्याच्याकडे तयार होतो फक्त क्रम. 118 वी वेळ 118 व्या चिठ्ठीची, एवढाच या दोन याद्यांमधला दुवा. 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 जणांनिशी सुरू झालेल्या पार्करन या दर आठवड्याच्या पाच किलोमीटरच्या धावण्यातही हेच तत्त्व आहे, फक्त चिठ्ठीऐवजी क्रमांकाचं टोकन हातात देतात. पद्धत स्वस्त आणि भक्कम आहे. पण एका ठिकाणी एक वेळ जास्त पडली, की तिथून खालच्या प्रत्येकाला त्याच्या पुढच्याची वेळ लागते. बहुतेकांना ते कळतही नाही, म्हणून ते जास्त वाईट.

बक्षिसांचा प्रश्न सोपा होता. पहिले दहा पुरुष आणि पहिल्या दहा स्त्रिया यांचे बिब आणि वेळ आम्ही वेगळ्या कागदावर हाताने लिहितो. सुरुवातीला माणसं विरळ येतात, तेव्हा हे जमतं. तो कागद माइककडे दिला आणि ती कटकट मिटवली.

वेळा जुळवण्याआधी माणसं जुळवायची, हा टेबलाचा पहिला नियम. 412 बिबपैकी 397 तारेवर, राहिले 15. चार जण सर्वांत मागच्या सायकलस्वाराच्या वहीत होते, त्यांनी मध्येच सोडलं होतं आणि गाडीने परत आले होते. एक नंबर प्रथमोपचाराच्या तंबूतल्या यादीत सापडला. उरले दहा. क्लिकरच्या हिशोबाने नऊ जण मुळात आलेच नव्हते. म्हणजे एक माणूस रस्त्यावरून नाहीसा झाला होता. क्लिकर संख्या सांगतो, नंबर सांगत नाही. त्यामुळे दहाही जणांना फोन लावले. नववा फोन उचलणारा म्हणाला, “रस्ता आमच्या घरावरूनच जातो ना, मी तिथेच वळलो.” दहावा शर्यतीला आलाच नव्हता. या दहा फोनांत अकरा मिनिटं गेली. तेवढा वेळ एक सायकलस्वार पूर्ण रस्ता उलटा फिरून गटारं आणि झुडपं बघत होता. नोंदणीच्या वेळी “सोडलंत तर टेबलाला कळवा” असं तोंडी सांगून काही होत नाही. बिबवरच ठळक छापावं लागतं, तेही पाठीमागे नव्हे, पुढे.

मग वेळा. चार जास्त आहेत, तर चार चुकीच्या शोधून काढून टाका, असं कुणालाही वाटेल. तिथेच फसगत होते. चारचा फरक म्हणजे चारच चुका असं नसतं. जास्तीच्या सहा आणि कमीच्या दोन असल्या, तरी फरक चारच दिसतो. बेरीज जुळली तरी मधली यादी सरकलेली असू शकते.

यासाठी रेषेवर तिसरा माणूस असतो. साधारण दर दहाव्या माणसाला तो एका ओळीत बिब आणि घड्याळातली वेळ लिहितो. नेमका दहावाच हवा असं नाही, ज्याचा नंबर स्वच्छ दिसला तो. आम्ही याला खुणेची नोंद म्हणतो. त्याच्या कागदावर होतं: बिब 87, 31:06. छापील पट्टीवर 31:06 ही 118 वी वेळ. तारेवर बिब 87 ची चिठ्ठी 116 वी. त्याआधीची खूण 108 वर होती आणि ती तंतोतंत जुळत होती. म्हणजे 108 आणि 118 यांच्यामध्ये दोन वेळा फालतू. चारशे ओळींचा गोंधळ दहा ओळींवर आला.

त्या दहा ओळींसाठी मोबाइलचं चित्रीकरण उघडलं. तिपाईवरचा मोबाइल रेषेकडे तिरपा लावलेला होता. चौकटीत छातीवरचे नंबर आणि मोठं घड्याळ दोन्ही यावं, असा बेत. नंबर आले, घड्याळ आलं नाही. एलईडीचे आकडे डोळ्यांना सलग दिसतात, पण प्रत्यक्षात वेगाने आळीपाळीने उजळतात. कॅमेऱ्यात आठाचा तीन होतो आणि एकाची जागा रिकामी दिसते. सूर्यही समोरून. म्हणून घड्याळाचा नाद सोडला. बिब 87 रेषेवर येतो तो क्षण 31:06 धरला आणि तिथून चित्रीकरणाचे सेकंद मागे मोजले. 30:51 आणि 30:52 ला एका बाईच्या दोन्ही बाजूंना दोन मुलं, बिब नाही. शेवटच्या शंभर मीटरला आईबरोबर पळत आलेली. बटणवाल्याने तिघांसाठी तीनदा दाबलं. त्याचं बरोबरच होतं, कारण त्याने विचार करायचाच नसतो. ही मुलं रेषेच्या तीस मीटर आधीच बाजूला काढायला माणूस हवा होता. तो आम्ही ठेवला होता, पण त्या वेळी तो पाण्याच्या टेबलावर गेलेला होता.

खरं दुखणं त्या पाण्याच्या टेबलातच होतं. फनेलचं तोंड चार मीटर, पुढे ते जेमतेम एका माणसाएवढं चिंचोळं होतं, म्हणजे मागचा पुढे जाऊ शकत नाही. लांबी 25 मीटर. एका माणसाला पाऊण मीटर धरला तर तीस-तेहतीस जण मावतात. पाच किलोमीटरच्या अशा शर्यतीत सर्वाधिक गर्दी 28 ते 34 मिनिटांच्या दरम्यान होते. आमच्याकडे तेव्हा मिनिटाला 18 जण येत होते. चिठ्ठी फाडून ओवायला चार सेकंद लागतात, म्हणजे एका माणसाच्या हातून मिनिटाला 15. दर मिनिटाला तीन साचतात, सहा मिनिटांत अठरा. बोळात ते मावतात, घाबरण्यासारखं नाही. पण पाण्याचं टेबल बोळाच्या बाहेर पडायच्या टोकापासून दहा मीटरवर मांडलेलं होतं. माणसं ग्लास घेऊन तिथेच थांबली, टोक तुंबलं आणि चाळीस सेकंद कुणीच बाहेर पडलं नाही. तेवढ्यात मागून आणखी बारा जण. बोळ भरला, रांग रेषेपर्यंत आली, आणि मागच्या चार-पाच जणांनी दोरी वर करून वाट काढली.

याचे परिणाम तीन. एक, रांगेतला क्रम बदलला. खुणेच्या कागदावर बिब 143 हा बिब 60 च्या आधी आलेला आणि तारेवर नंतर. अशा नऊ चिठ्ठ्या आम्ही चित्रीकरण बघून पुन्हा ओवल्या. दोन, रेषा ओलांडून माणसं जागीच थांबू लागली. जोरात धावून एकदम थांबलं की पायांच्या स्नायूंचं रक्त वर ढकलण्याचं काम थांबतं, रक्त पायांत साचतं, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रेषेनंतर चालत राहा असं सांगतात ते यासाठीच. एक जण असाच खाली बसला. त्याला दोरीखालून उचलून तंबूत नेलं, आडवं करून पाय वर ठेवले, पाच मिनिटांत तो ठीक झाला. पण त्याची चिठ्ठी बिबवरच राहिली. हीच ती तंबूतली नोंद. त्याची वेळ खरी, चिठ्ठी गैरहजर. तीन, एक धावपटू रांगेला कंटाळून बाहेर पडला, मागे पळत गेला आणि मैत्रिणीला घेऊन पुन्हा रेषा ओलांडून आला. वेळा दोन, चिठ्ठी एक.

पाण्याचं टेबल रेषेपासून किमान सत्तर मीटर हवं, आणि दोन टेबलं हवीत. सगळे पहिल्याच टेबलाशी थांबतात, म्हणून दुसरं वीस मीटर पुढे. ग्लास अर्धाच भरायचा. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. सावली तिथे होती, म्हणून टेबल तिथे गेलं.

हे सगळं चालू असताना टेबलाभोवती मनगटं पुढे करून आठ-दहा जण उभे होते. “माझ्या घड्याळात 5.08 किलोमीटर आलंय.” टेबलाला कुंपण का हवं, ते अशा वेळी कळतं. रस्ता सायकलच्या चाकावरच्या जोन्स काउंटरने, म्हणजे चाकाचं फिरणं आकड्यांत मोजणाऱ्या यंत्राने, मोजलेला होता. पोलादी फितीने आखलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल आधी चार वेळा आणि नंतर चार वेळा चालवून काउंटर बेतायचा, कारण उन्हाने टायर फुगतो आणि किलोमीटरमागचे आकडे कमी होतात. वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटरवरून सर्वांत जवळची वाट धरायची आणि किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा ठेवायचा. म्हणजे पाच किलोमीटरला पाच मीटर. गर्दीत त्या जवळच्या वाटेने कुणीच पळत नाही, आणि मनगटावरचं जीपीएस घड्याळ स्वतःचीही थोडी भर घालतं. रस्ता कमी भरणं ही जास्त गंभीर चूक. ग्रेटर मँचेस्टर मॅरेथॉनचा रस्ता 2013 ते 2015 अशी तीन वर्षं 380 मीटर कमी होता, आणि हजारो धावपटूंच्या वेळा बाद धरल्या गेल्या. 5.08 वाल्यांना हे सांगायला तेव्हा सवड नव्हती. “रस्ता बरोबर आहे” एवढंच म्हणालो.

पुढच्या खुणांमध्ये आणखी दोन फालतू वेळा निघाल्या. एक तिसरं मूल, आणि एक बटण दोनदा दाबलं गेल्याची. शतांश सेकंदांत बघितलं तर दोन नोंदींमध्ये 0.11 चं अंतर होतं. इतक्या कमी फरकाने दोन माणसं येऊ शकतात, म्हणून चित्रीकरण बघितल्याशिवाय ती खोडली नाही.

आतापर्यंतच्या जास्तीच्या वेळा: मुलं तीन, पुन्हा आलेला एक, दुबार बटण एक. पाच खोडल्या, 396 उरल्या. चिठ्ठ्या तंबूतली धरून 398. म्हणजे आता दोन वेळा कमी. त्या चालणाऱ्यांच्या यादीच्या शेवटाकडे मिळाल्या. सात जणी हातात हात घालून आडव्या ओळीत रेषेवर आल्या होत्या. बटण पाच वेळा दाबलेलं. चालणाऱ्यांसाठी फनेलचं तोंड रुंद आणि बटणवाला ताजा हवा. सव्वा तास तोच माणूस उभा होता.

चालणाऱ्यांच्या यादीत अजून एक गंमत होती. पाचशे चाळिशीतला एक बिब घड्याळात 35:20 ला आलेला, म्हणजे त्याची वेळ 25:20. कुणी तरी म्हणालं, हा पळालाच असणार. पण वेगावरून ते ठरत नाही. जागतिक दर्जाचे चालणारे 20 किलोमीटर चार मिनिटांच्या आतल्या किलोमीटरने चालतात. नियम असा की डोळ्यांना दिसेल असा जमिनीशी संपर्क तुटायला नको, आणि पुढचा पाय टेकल्यापासून सरळ उभा होईपर्यंत गुडघा वाकायला नको. चित्रीकरणात त्याचे दोन्ही गुडघे छान वाकत होते. चालण्याला आमच्याकडे बक्षीस नाही. त्यामुळे वेळ तशीच ठेवली आणि पुढे धावणाऱ्याचं चिन्ह केलं.

चिप असती तर काय, हा प्रश्न त्या दिवशी तीनदा आला. बिब नसलेली मुलं मोजली गेली नसती हे खरं. पण चिपचे रेडिओ तरंग शरीरातलं पाणी शोषून घेतं. बिब घडी घालून कमरेला खोवला किंवा घामाच्या अंगाला चिकटला, तर पट्टीवरून जाऊनही नोंद होत नाही. त्यामुळे कॅमेरा आणि खुणेचा कागद चिप असतानाही ठेवायचाच.

9:50 ला निकालाचा कागद फळ्यावर लागला, 398 नावांचा. त्या सात जणींना आम्ही एकच वेळ दिली होती आणि पुढे ‘अंदाजे’ लिहिलं होतं. त्यांनी त्या ओळीचा फोटो काढला आणि निघून गेल्या. तक्रार एकच आली. 121 व्या माणसाचं म्हणणं होतं, की त्याची वेळ एक सेकंदाने चुकली आहे. त्याला चित्रीकरण दाखवलं. चूक एकाची नव्हती, दोन सेकंदांची होती, आणि त्याच्या विरुद्ध. कागदावर ती दुरुस्त केली.