नुसतं बघत बसणं

रविवारी मामाकडे जेवायला गेलो होतो सगळे, आणि रश्श्यात भाकरी चुरता चुरता मामा जे बोलला ते काही केल्या डोक्यातनं जाईना झालंय. त्यानंच विचारलं होतं की नक्की करतीस काय तू त्या लॅबमधे. म्हणून मी आपली उत्साहानं सांगत सुटले, की अंड्यातल्या पिल्लाचे स्नायू आधी धरायला लागतात, मणक्यातनं निघालेल्या नसा मागनं येऊन त्यांना जुळतात, आणि मी ज्याच्यावर काम करते ते एन-कॅम, म्हणजे पेशींना एकमेकींना चिकटवणारं प्रोटीन, कोवळ्या स्नायूवर सगळीकडे असतं, नस नीट जुळली की जोडापुरतं उरतं, आणि पुढं कधी ती नस तुटली तर परत स्नायूभर पसरतं. मामानं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "म्हंजे तू नुसतं बघत बसतीस."

टोमणा मारल्यासारखं नाही, साधं, "मग पाऊस झाला म्हणायचा" अशा सुरात. तेवढ्यात मामी पांढरा रस्सा घेऊन आली आणि विषय तिथंच संपला. त्यांच्यासाठी संपला.

आता मामा म्हणजे मामा. उमेदीची अख्खी वर्षं तालमीत काढलेला माणूस. खासबागच्या पायऱ्यांवर बसून "ढाक मार, ढाक मार" करणाऱ्यांविषयी तालमीतले काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकलंय. मातीत उतरतो तो पैलवान, बाकीचे बघे. त्यामुळं माझी वर्गवारी कुठं झाली ते मला लगेच कळलं.

आणि वाईट याचं वाटलं की मला उत्तर सुचलं नाही. सकाळी इनक्युबेटरमधनं अंडी काढायची, कवचाला खिडकी पाडायची, मायक्रोस्कोपखाली धरायची आणि बसायचं. भिंतीवर पिल्लाच्या वाढीचा हॅम्बर्गर-हॅमिल्टनचा १९५१ चा तक्ता, ४६ अवस्था, त्यात आपलं पिल्लू कुठं बसतंय ते बघायचं. रंगवलेल्या स्लाइडवर हिरवं चमकतंय का बघायचं. खिडकीवर सेलोटेप लावून घरी यायचं. आई विचारते काय केलंस गं आज, तर काय सांगू. बरोबरीच्या सगळ्या पुण्यात कंपन्यांमधे लागल्या, एकीनं तर परवा फ्लॅटचे फोटो टाकलेत, आणि माझी फेलोशिपची रक्कम... असो, ते नको आज.

पण बघणं म्हणजे काहीच न करणं आहे का, हे मी दोन रात्री घोळवतेय.

प्रायर नावाचा एक जर्मन माणूस होता, त्यानं १८८५ मधेच लिहून ठेवलंय की कोंबडीचं पिल्लू अंड्यात कुणी न डिवचता आपलं आपण हलतं. साडेतीन-चार दिवसांचं असताना मान जरा वाकवतं, बास. त्या वेळी त्याला स्पर्श केला तर काहीसुद्धा होत नाही, स्पर्शाला ते दाद देतं साधारण सातव्या दिवसापासनं. म्हणजे बाहेरचं काही कळायच्या आधीच ते हलायला लागलेलं असतं, मणक्यातल्या पेशी स्वतःच चेव आल्यासारख्या पेटतात आणि स्नायू ओढला जातो. हे कळलं कशानं? बसून बघण्यानंच ना. पुढं १९६० नंतर त्या तक्त्यातल्याच हॅम्बर्गरनं परत अंड्यांना खिडक्या पाडल्या आणि किती वेळ हलतं, किती वेळ गप्प राहतं ते बघत बसला. १९३३ साली ज्यू म्हणून जर्मनीतली नोकरी गेली, तेव्हा शिकागोत होता तो पुढं अमेरिकेतच राहिला आणि शंभरी गाठली. नसांच्या पेशी कशानं वाढतात-जगतात या कामाचं १९८६ चं नोबेल मात्र रिटा लेव्ही-मोंतालचिनी आणि कोहेनना मिळालं. बाईंचा मान होताच म्हणा, युद्धाच्या दिवसांत तुरिनमधे घरच्या बेडरूममधे अंडी घेऊन काम केलेल्या बाई त्या, पण ज्याच्या प्रयोगशाळेत हे पुढचं सगळं उभं राहिलं त्या हॅम्बर्गरला नाही. (हे मामाला सांगण्यात अर्थ नाही, म्हणेल बघ, मी म्हणलं नव्हतं.)

हे सगळं सुचलं कधी, तर काल रात्री अंथरुणात. जेवताना सुचलं असतं तर काय बिघडलं असतं.

मग अजून एक लक्षात आलं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं मामा मातीत उतरलेला नाही. जातो अजूनही खासबागेत, वरच्या पायरीवर कोपऱ्यात बसतो, ओरडत मात्र नाही. मग ते "नुसतं बघत बसतीस" तो नक्की कुणाला...

जाऊ दे. फार खोलात गेलं की मलाच रडू येतं, आणि पुढच्या रविवारी परत त्याच ताटावर बसायचंय.

खरंतर त्याला आवडेल अशी एक गोष्ट आहे माझ्याकडं. पिल्लात नसांच्या पेशी लागतात त्यापेक्षा जास्तच तयार होतात आणि स्नायूंना हलवणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या पुढं मरतात. पण त्या दिवसांत औषध देऊन पिल्लाला हलूच दिलं नाही तर त्या मरत नाहीत, वाचतात! १९७० नंतर हे प्रयोग झालेत. फक्त औषध थांबवलं की मागनं मरतातच, आणि न हललेल्या पिल्लाचे सांधे धड होत नाहीत, हाडं एकमेकांना चिकटतात, स्नायू वाळतात.

मामा यातलं अर्धंच उचलणार. फिजिओथेरपीचे व्यायाम आधीच टाळतोय, वर म्हणेल आमच्या भाचीनं शोधून काढलंय, न हलणाराच टिकतो. म्हणून त्याला काही सांगणार नाही. मामीला आत्ताच फोन करून सांध्यांचं तेवढं सांगितलं. ती म्हणाली थांब, बघतेच त्याच्याकडं.