काळी टेप आणि खिडकीतलं ऊन

शाळेच्या रोबो मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी सभागृहात पांढऱ्या फ्लेक्सवर काळी टेप चिकटवायचं काम आठवीकडे असायचं. वळणावर सुरकुती पडली की सर अख्खा तुकडा काढून पुन्हा लावायला सांगत. ते काम मला फार आवडायचं. उद्या आपला रोबो इथूनच जाणार, हे बोटांना आधीच कळायचं.

आमची टीम चौघांची. एकाकडे चॅसी म्हणजे रोबोचा सांगाडा, एकाकडे वायरिंग, माझ्याकडे कोड आणि चौथीकडे वही. वही सांभाळणं हे काय काम, असं आम्हाला आधी वाटलं होतं. पण काल चालत होतं ते आज का बंद पडलं, मधे काय बदललं, हे फक्त तिलाच सांगता यायचं. पुढच्या वर्षी वहीसाठी आमच्यात भांडण झालं!

त्या पहिल्या वर्षी रोबो प्रयोगशाळेत शहाण्यासारखा रेषेवरून जायचा. खाली पाच इन्फ्रारेड सेन्सर होते. पांढऱ्यावरून किरण परत येतात, काळी टेप ते शोषून घेते. त्या फरकावरून रेषा सापडते. सभागृहात मात्र खिडकीपाशी आला की हमखास भरकटे. मी तासभर कोड चाळत बसले. वहीवालीने जागोजागचे आकडे लिहून काढले आणि म्हणाली, "अगं, उन्हात काळ्याचे आकडे पांढऱ्यासारखेच येताहेत." उन्हातही इन्फ्रारेड असतं, हे धड्यात वाचलेलं त्या क्षणी खरं झालं. सेन्सरभोवती लावायला काळा पुठ्ठा कापून दिला तो शेजारच्या टेबलावरच्या टीमने, आणि पुढची फेरी त्यांच्याशीच होती.

सर अशा वेळी वूडी फ्लॉवर्स या अमेरिकन प्राध्यापकांचं नाव काढत. एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठात ते विद्यार्थ्यांना सुट्या वस्तूंचा एक संच देऊन त्यातून यंत्र बनवायला लावत आणि मग त्या यंत्रांची स्पर्धा घेत. जीव तोडून लढा, पण समोरच्यालाही मान द्या आणि मदत करा, हे त्यांचं सांगणं. संशोधक डीन केमेन यांच्यासोबत त्यांनी १९९२ साली शाळकरी मुलांची पहिली 'फर्स्ट' रोबो स्पर्धा उभी केली, तेव्हा २८ टीम होत्या.

नववीत मोटर सुरू झाली रे झाली की कोड चालवणारा बोर्ड रीसेट व्हायचा. सुरुवातीला मोटर एकदम जास्त करंट ओढते, त्यामुळे व्होल्टेज पडतं. आम्ही बोर्डला वेगळी बॅटरी दिली, तर मोटर ड्रायव्हरला, म्हणजे बोर्डच्या सिग्नलवरून मोटर चालवणाऱ्या सर्किटला, सिग्नलच कळेना. दोन्ही बॅटऱ्यांचे ग्राउंड, म्हणजे ऋण टोकं, एकमेकांना जोडायची राहिली होती. एक वायर जोडली आणि चाकं फिरली. तेव्हा आम्ही चौघं इतके ओरडलो की शेजारचे वर्ग बघायला आले.

माजी विद्यार्थी म्हणून मी अजूनही मेळाव्याला जाते. गेल्या खेपेला सहावीतल्या एका मुलाने व्होल्टेज मोजायच्या मल्टीमीटरची वायर माझ्या हातात दिली. "ताई, हे काळं टोक ग्राउंडला धरून ठेवा, हलवू नका." मी धरून ठेवलं.